लिंबाच्या फळीची तलवार

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. भिऊ नका, लाकडाची आहे. माझ्याने आजवर काकडीसुद्धा कापली गेलेली नाही. सध्या मी जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे राहते.

सटवाजी सुताराने मला कडुलिंबाच्या फळीतून घडवले, वर चंदेरी कागद चिकटवला आणि मुठीला फडके गुंडाळले. आमच्या गावात दर उन्हाळ्यात पारावर नाटक होई. शेतमालक चंद्रभान राजा व्हायचा आणि वस्तीवरचा सिताराम त्याच्या हातून मरणारा सरदार. सिताराम असा मरायचा, की बायका डोळ्यांना पदर लावत. नाटक संपले की एक रीत होती. ज्याने मारले, त्यानेच मेलेल्याला हात देऊन उठवायचे. एरवी गावात सितारामचा पाणवठा निराळा, चहाची कपबशीही निराळी. पारावर मात्र वर्षातून एकदा चंद्रभान त्याचा हात धरायचा. तेवढेच. पण साऱ्या गावासमोर धरायचा.

मग १९७८ साल आले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचे ठरले, म्हणून मराठवाड्यात दंगल पेटली. आमच्या गावातही काही जणांनी वस्तीला आग लावली. सिताराम बायकोला, रुख्मिणीला, घेऊन चंद्रभानच्या दाराशी आला.

"मालक, दार उघडा. मी शित्या हाय."

चंद्रभानने मला खुंटीवरून काढले. आता तो बाहेर पडेल, असे मला वाटले. नाटकात तीनशे माणसांपुढे तो असाच बाहेर पडायचा. पण तो दारामागे उभा राहिला. माझ्या मुठीचे फडके घामाने भिजले. बाहेरचा आवाज थांबला, तेव्हा त्याने मला परत खुंटीला अडकवले.

सितारामचे घर जळाले. तो रुख्मिणीला घेऊन चुडाव्याला निघून गेला. नाटक बंद पडले.

मला वाईट वाटले, असे मी सांगणार नाही. लाकडाला काही वाटत नाही. पुढे मी चिंचा पाडल्या, शेळ्या हाकलल्या, खिडकीला टेकू दिला. चंदेरी कागद गळून गेला. चंद्रभान जेवायचा, शेतात जायचा, झोपायचा. माझ्याकडे बघायचा नाही. अशी पंधरा-सोळा वर्षे गेली.

१९९४च्या जानेवारीत विद्यापीठाला नाव दिल्याची बातमी रेडिओवर आली. त्याच आठवड्यात शाळेतल्या मनकर्णाबाई घरी आल्या. "काका, संमेलनात मुलांना ते जुनं नाटक दाखवायचंय," त्या म्हणाल्या. चंद्रभानने मला टॉवेलात गुंडाळले आणि चुडावा गाठले.

सिताराम स्टेशनाबाहेर सायकली दुरुस्त करीत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "मालक, अजून कोनाला मारायचं राह्यलं का?"

"शाळेत नाटक हाय, सिताराम." पूर्ण नाव चंद्रभानने पहिल्यांदाच घेतले. "या खेपेला तू राजा हो. मी मरतो."

"तुमाला जमंल? मरायचं काम लय अवघड असतंय."

"मंग शिकव."

सितारामने ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे बघत त्याने विचारले, "तवा दारामागं व्हता न्हवं तुमी?"

"व्हतो. हीच धरून उभा व्हतो."

"मंग?"

"भ्यालो."

ट्यूबचे भोक सापडले. सितारामने ते घासले, त्यावर ठिगळ चिकटवले. मग म्हणाला, "आधी गुडघा टेकवायचा. मंग खांदा. डोकं शेवटी."

शाळेच्या पटांगणात भर दुपारी नाटक झाले. सितारामने मला उगारले आणि हळूच चंद्रभानच्या खांद्याला लावले. चंद्रभान डोके आधी आपटून पडला. मुले हसली. नाटक संपले, तरी तो पडूनच राहिला. हात आल्याशिवाय उठायचे नसते.

सिताराम नुसता उभा होता. माझी मूठ पुन्हा घामाने भिजली. मनकर्णाबाईंच्या टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. मग त्याने मला डाव्या हातात घेतले आणि उजवा हात खाली केला. चंद्रभानने तो धरला. सिताराम संध्याकाळच्या एसटीने परत गेला. मी शाळेतच राहिले.

मित्रांनो, सगळे मिटले असे मी म्हणत नाही. जळालेले घर नाटकाने उभे राहत नाही. पण हात कसा द्यायचा, हे ती माणसे पारावर शिकली होती. म्हणून इतक्या वर्षांनी हात देता आला. तुमच्याही शाळेच्या कपाटात माझ्यासारखी एखादी तलवार पडलेली असेल. तिला वर्षातून एकदा बाहेर काढा, नवा कागद लावा. आणि खेळ संपला की आधी पडलेल्याला उठवा. टाळ्या नंतर वाजवा.