गुरगुर न करणारा मॅनेजर

मी शिंपी. खोटं बोलत नाही, खऱ्याला जरा इस्त्री करतो एवढंच.

आमच्या दुकानात कटिंगच्या टेबलाखाली एक कुत्रा असतो. नाव मॅनेजर, कारण दिवसभर लोळत सगळ्यांवर नजर ठेवतो. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की पूर्वी हा गुरगुरायचा. दर वेळी लाकडी पट्टी टेबलावर आपटून मी त्याला गप्प करायचो. सहा महिन्यांत तो इतका सभ्य झाला, की स्वतःचं पोट गुरगुरलं तरी ओशाळून इकडेतिकडे बघायचा. मी गल्लीभर मिशीला पीळ देत फिरलो.

एका दुपारी लेक तिच्या पोरीला माझ्याकडे सोडून बाजारात गेली. नात चार वर्षांची. मी मशीनवर पँट शिवत होतो. ती टेबलाखाली शिरली आणि चिंध्यांवर पडलेल्या मॅनेजरच्या गळ्यात तिने दोन्ही हात टाकले.

तेवढ्यात पोस्टवाल्या बाई पाकीट घेऊन दारात आल्या. त्यांचं निम्मं आयुष्य परक्या कुत्र्यांना चुकवण्यात गेलेलं.

"बघा कशी गट्टी आहे," मी म्हणालो. "शेपूट हलवतोय."

"शेपूट ताठ आहे हो, नुसता शेंडा हलतोय," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मशीन थांबवा. ओरडू नका, धावू नका."

मग मला दिसलं. मॅनेजरने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं. काही खाल्लेलं नसताना तो जीभ नाकावर फिरवत होता. मग तोंड मिटलं आणि अंग दगडासारखं झालं. नातीचा गाल त्याच्या दातांपासून चार बोटांवर. मी मशीनवरचा पाय हळूच काढला.

बाई जरा बाजूला बसल्या. "चिमणे, हात सोड बघू. हळू. आता इकडे ये, या पाकिटावरचं तिकीट बघ."

नात आली. मॅनेजर उठला, भिजल्यासारखं अंग झाडलं आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

"चारदा पुरे म्हणाला तो," बाई म्हणाल्या. "पण गुरगुरला कसा नाही?"

"मीच मोडली ती सवय." या वाक्याला मला इस्त्री करता आली नाही.

"शाबास, आजोबा. कुकरची शिट्टी काढून ठेवलीत आणि वर म्हणताय, घर किती शांत."

नातीने विचारलं, "तो मला चावणार होता?"

"त्याला मिठी नको होती गं," मी म्हणालो. "आणि सांगायची सोय मी ठेवली नव्हती."

पट्टी आपटणं त्या दिवसापासून बंद. टेबलाखालची जागा फळी लावून मॅनेजरची करून टाकली. तिथे कुणी शिरायचं नाही. बाईंनी नातीला शिकवलं, लांब बसून हाक मारायची, आला तर छातीपाशी जरा खाजवायचं आणि थांबायचं.

पुढच्या रविवारी ती आली, लांब बसली आणि तिने हाक मारली. मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि मान फिरवली.

"नको म्हणतोय," तिने मला समजावलं आणि बटणांचा डबा घेऊन बसली. दोघं दुकानात होती तोवर मी मशीनला हात लावला नाही, त्यांच्यावरच नजर ठेवून बसलो.