ओली चिठ्ठी

"पुस्तक इकडे द्या," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, आणि रोकडे वकिलांनी ते दोन्ही हातांनी उचलून पुढे केलं. एका हातानं उचलावं असं ते पुस्तक नव्हतंच. वहिवाटीच्या हक्कांवरचा जाडजूड ग्रंथ, पाठीला खाकी कापड लावलेला, आत पानोपानी छापील चिठ्ठ्या डकवून डकवून फुगलेला.

"पान चारशे बारा, मॅडम. हायकोर्टाचा निवाडा आहे. सरकारी नकाशात रस्ता नसला, तरी लोक वर्षानुवर्षं तिथून जात-येत असतील, तर दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या रस्त्याला हात लावू नका, अशी मनाई कोर्टाला देता येते. माझ्या पक्षकाराचं मागणं तेवढंच आहे."

समोरच्या बाजूचा वकील सागर म्हात्रे उभा होता. वय कोवळं, कोट कडक, हातात टॅब. भिवंडी कोर्टाच्या त्या खोलीत नेटवर्क आलं तर येतं, नाहीतर रुसून बसतं. आज रुसलं होतं.

"मॅडम, हा दाखला आम्हाला आधी दिलेला नाही. थोडा वेळ मिळावा."

"वेळ कुठून देऊ? सोमवारपासून उन्हाळ्याची सुट्टी. आणि तुमच्या लोकांनी तिथे भिंतीचा पाया आखलाय म्हणतात." मॅडमनी पुस्तक मिटलं. "रोकडे वकील पुस्तक पुढे करतात ते बघूनच करतात. जेवणाच्या सुट्टीनंतर ऑर्डर देते."

हे शेवटचं वाक्य रोकडे वकिलांना फार सुखाचं वाटलं. शेलारसारख्या गावातून आलेला, घरात पहिला कोट घालणारा माणूस. त्याच्याबद्दल भर कोर्टात असं कुणी बोलावं, यासाठी उमेदीची सगळी वर्षं घालवलेली. तेही पुस्तकासारखे जरा फुगले, यात त्यांना दोष देता येणार नाही.

बाहेर व्हरांड्यात रंगूबाई भिंतीला टेकून उभी होती. दिघाशी गावची. तिच्या शेजारचं शेत एका गोदामवाल्या कंपनीनं घेतलं होतं. भिवंडीजवळच्या काल्हेरला आता गोदामांना जागा उरली नाही, म्हणून गोदामं एकेक गाव ओलांडत आत सरकायला लागलीत. रंगूबाईच्या घराकडे जाणारी गाडीवाट त्याच शेताच्या कडेनं जाते. तिचा नवरा अनंता, एक अंग लुळं पडलेलं. त्याला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा दारापर्यंत येते ती याच वाटेनं. भिंत झाली की त्याला चौघांनी उचलून बांधावरून न्यायचं, आणि ते चौघेही शोधून आणायचे.

"झाला का वकीलसाहेब?"

"जेवणानंतर. पण बरं दिसतंय."

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. ऑर्डर हातात पडेपर्यंत पक्षकाराला असं काही सांगायचं नाही, हे ते स्वतःच नव्या वकिलांना सांगत. पण रंगूबाईचा चेहरा असा काही उजळला की वाक्य मागे घेववेना.

"माज्या मालकानं सकालीच इचारलं, आज काय व्हईल," ती म्हणाली. "फोन करून सांगतं त्याला, बरा दिसतं म्हनून."

बार रूममध्ये पंखा गरम हवा फिरवत होता. रोकडे वकिलांनी डबा काढायला बॅगेत हात घातला, तर डब्याच्या आधी हाताला दोन पाकिटं लागली. आत्ता आठवलं. सकाळी धम्मदिना, त्यांची मुलगी, घर झाडताना म्हणाली होती, "पप्पा, ही पाकिटं कपाटावर किती दिवस ठेवणार? तुमच्या त्या पुस्तकाचीच आहेत ना? बॅगेत टाकलीत. आता बघा तरी."

बघायचं काय ते त्यांना पाठ होतं. पुस्तकाचा प्रकाशक दर वर्षी पुरवणी पाठवतो. एका बाजूनं छापलेले कागद, त्यावर चौकटी, प्रत्येक चौकटीवर पानाचा आकडा. कोणता निवाडा नव्यानं आला, कोणता वरच्या कोर्टानं मोडला, ते त्या चौकटीत. चौकट कापायची आणि त्या पानावर डकवायची. बाकीचे वकील नवी आवृत्ती घेतात, किंवा आता मोबाइलवरच बघतात. रोकडेंकडे मात्र मे महिन्याच्या सुट्टीत हा सोहळा व्हायचा. मीराबाई, त्यांची बायको, सकाळीच गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. मग दोघं ओट्यावर बसायची. ते आकडा वाचणार, ती पान काढून चिठ्ठी बसवणार आणि वरून अंगठा फिरवणार. ओली चिठ्ठी असताना पुस्तक मिटलं की ओरडायची, "पानं चिकटतील ना! काय घाई असते तुम्हाला?"

मीराबाई गेली, आणि त्यानंतर आलेली पाकिटं कपाटावर गेली. सुट्टीत बघू, असं रोकडे वकील म्हणत राहिले. एक सुट्टी तशीच गेली.

त्यांनी पोळीचा घास तोंडात ठेवून एक पाकीट फाडलं. उगाच. बोटानं आकडे चाळत गेले आणि चारशे बारावर बोट थांबलं.

चौकट लहानशीच होती. हा निवाडा मोठ्या खंडपीठानं रद्द ठरवला आहे. नुसत्या वहिवाटीच्या सांगण्यावर मनाई देता येणार नाही, जागेवरच्या वापराचा काहीतरी पुरावा सोबत हवा.

त्यांनी शेजारी बसलेल्या हरेशला कागद दाखवला. हरेश त्यांच्याच वयाचा, फौजदारी कामं करणारा, दिलदार माणूस. त्यानं खिडकीशी जाऊन मोबाइलवर शोधलं आणि परत आला.

"बरोबर हाय. दीड वर्ष झालं या निकालाला." त्यानं मोबाइल खिशात टाकला. "पण तू कशाला टेन्शन घेतो? समोरच्यानं बघितलं का? नाही. मॅडमनी बघितलं? नाही. आपलं काम आपल्या पक्षकाराचं. त्याचं काम त्याला करू दे ना यार."

"मी पुस्तक दिलंय त्यांच्या हातात."

"दिलंस तेव्हा माहीत होतं का? नव्हतं. मग खोटं काय बोललास?"

"आता माहीत आहे."

"आता गप बस. मनाई मिळू दे. ते जातील ठाण्याला अपिलात. तोवर पाऊस येईल, बांधकाम बंद. तेवढे महिने त्या बाईची रिक्षा दारात जाईल. वाईट काय झालं सांग?"

खरंच, वाईट काय झालं असतं? रोकडे वकिलांनी डबा बंद केला. ते उठले. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले. पाण्याच्या माठापाशी गेले, पाणी न पिताच फिरले. कॅन्टीनच्या दारातून सागर म्हात्रे दिसत होता. मिसळ खात कुणाशी तरी हसत होता, टॅब बाजूला पालथा. बघ रे, एकदा उघडून बघ, असं त्यांना वाटलं. त्यानं शोधून काढलं असतं तर आपल्याला बोलावं लागलं नसतं. आणि पुढच्याच क्षणी वाटलं, नको, बघू नको.

जिन्याच्या तोंडाशी रंगूबाई फडक्यातली भाकर सोडून बसली होती. त्यांना बघून हसली. ते पाठ फिरवून दुसरीकडेच निघाले. भिंतीपलीकडच्या गल्लीत कापडाचे लूम चालू होते, त्यांची खडखड आज डोक्यात बसत होती. पन्नास वेळा सहज ऐकलेला आवाज, आज नकोसा.

मीराबाईची त्यांना इतकी आठवण आली की तिचा रागच आला. ती असती तर ही चिठ्ठी मागच्या मे महिन्यातच चारशे बारावर बसली असती. दुसरा काही मार्ग शोधता आला असता. जागेचे फोटो, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, कुठली तरी जुनी पावती. चूक आपली आणि भिंत रंगूबाईच्या दारात.

पुकारा झाला. मॅडम बसल्या. पुस्तक त्यांच्या टेबलावर, चारशे बाराव्या पानाशी पेन्सिल घातलेलं.

"मॅडम, ऑर्डरच्या आधी..." रोकडे वकील उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. "मी सकाळी दिलेला निवाडा आता कायदा राहिलेला नाही. मोठ्या खंडपीठानं तो रद्द केलाय. पुरवणी माझ्याकडे आली होती. मी ती डकवली नव्हती."

पुरवणीचा कागद त्यांनी पुढे दिला. सागर म्हात्रे त्यांच्याकडे बघतच राहिला, मग घाईघाईनं टॅब उघडायला लागला. मॅडमनी कागद वाचला, परत वाचला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "रोकडे वकील, तुम्ही आज नसतं सांगितलं तर मी मनाई दिली असती."

"हो मॅडम."

"मग आता काय मागणं आहे तुमचं?"

"कोर्ट कमिशनर नेमावा. जागेवर जाऊन वाट आहे की नाही ते बघावं. आणि तोवर भिंत थांबवावी."

सागर म्हात्रे आता उभा राहिला. नव्या निवाड्याप्रमाणे पुरावा समोर नसताना काम थांबवता येणार नाही, एवढंच बोलला, पण ते पुरेसं होतं. मॅडमनी कमिशनर नेमला. भिंत थांबवायला नकार दिला. पुढची तारीख सुट्टीनंतर. पुस्तक परत आलं तेव्हा त्यातली पेन्सिल काढलेली होती.

रंगूबाई मागच्या बाकावर होती. इंग्रजी-मराठी मिसळलेलं तिला सगळं कळलं नसेल, पण कंपनीची माणसं हसत बाहेर पडली ते कळलं. व्हरांड्यात तिनं वकिलांना गाठलं.

"काय झाला?"

त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही. पाकीट, चिठ्ठी, सगळं.

"म्हंजी भिंत घालतील ते?"

"घालू शकतात. जूनमध्ये कमिशनरचा अहवाल आला, की मी ती पाडायला लावीन. प्रयत्न करीन."

"तुमी बोलला नसता तर त्यांना कललं असतं?"

"आज नसतं कळलं."

रंगूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आमच्या बाजूचा पुस्तक तुमीच पलटी केलात," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर लोक जमले असते, तिनं चढवला नाही. "मना शिकलेल्यांचा काय समजत न्हाय. खरा बोलला असाल तुमी. पन मी त्याला फोन केलाय, बरा दिसतं म्हनून. आता मना न्हाय सांगता येनार. तुमीच येऊन सांगा माज्या मालकाला."

"रंगूबाई..."

"तुमीच सांगा," ती म्हणाली, आणि फाटकातून दिघाशीच्या रिक्षाकडे चालायला लागली. मागे बघितलं नाही.

हरेश फाटकाशी भेटला. काहीतरी बोलणार होता, पण रोकडेंचा चेहरा बघून त्यानं नुसती खांद्यावर थाप मारली. एवढी वर्षं शेजारी बसून कमावलेली थाप, तिचं त्यांना बरं वाटलं. पण ते थांबले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी कोट न काढताच स्वयंपाकघर गाठलं.

"पप्पा, चहा ठेवू?" धम्मदिनानं विचारलं.

"पीठ कुठे असतं आपल्याकडे?"

तिनं डबा दाखवला. काय हवंय ते विचारलं नाही, बाजूला सरकून गॅस मोकळा करून दिला. त्यांनी पाणी उकळलं, पीठ टाकलं, गाठी झाल्या. चमच्यानं चेचल्या, तरी राहिल्याच. मोरचूद काही सापडलं नाही.

मग ते ओट्यावर जाऊन बसले. पुस्तक उघडं मांडीवर, शेजारी खळीची वाटी, कात्री. ऊन उतरलं होतं, पण उजेड भरपूर होता. पुस्तकातल्या जुन्या चिठ्ठ्या त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिल्या. सगळ्या सरळ, कडा बसलेल्या, एखादीवर खळीत उमटलेला अंगठा.

त्यांनी चौकट कापली.

"पान चारशे बारा," ते मोठ्यानं म्हणाले, आणि थांबले.

कुणी पान काढून दिलं नाही. आपण कशासाठी थांबलोय हे कळायलाही त्यांना थोडा वेळ लागला. धम्मदिना दारात आली होती. तिला आकडा ऐकू गेला होता, तिला सगळं कळलं होतं. पुढे यावं की नाही, हे न ठरवता ती तिथेच उभी राहिली.

त्यांनी पान स्वतःच काढलं. चिठ्ठी बसवली, ती तिरकी बसली. उचलून पुन्हा बसवायला गेले तर कोपरा फाटला. तशीच राहू दिली आणि वरून अंगठा फिरवला. खालचा निवाडा चिठ्ठीआड गेला. बाकीच्या चौकटी न कापताच ते उठले, बॅग खांद्याला लावली.

"आता कुठे?"

"दिघाशीला जाऊन येतो. उजेड आहे तोवर वाटेचे फोटो काढतो, उद्या सकाळी तिथे भिंतीचं काम सुरू होईल." चप्पल घालताना ते घुटमळले. "आणि अनंताला सांगायचंय. तो वाट बघत असेल."

"बरं." धम्मदिना पुस्तक उचलायला वाकली. "हे मिटून आत ठेवू?"

"नको," ते पायरीवरून म्हणाले. "उघडंच राहू दे. ओलं आहे अजून."