ओठाआडचा फोड

चिमणीच्या खालच्या ओठाच्या आत तो निळसर फोड पुन्हा आला, तेव्हा मावशीचा पारा चढला. दोनदा फुटला, तरी मेला परत हजर! दातांच्या डॉक्टरांनी ओठ उलटून पाहिला.

"घाबरू नका. लाळेची बारीक नळी दुखावली की लाळ आत साठते. काढून टाकू. पण पोरगी ओठ चावते, ते थांबलं नाही तर पुन्हा येईल."

दुसऱ्या दिवशी शिवणकाम करता करता मावशीने तिच्यावर डोळा ठेवला. खेळताना चावला नाही, जेवतानाही नाही. संध्याकाळी आईचा फोन आला. आई चिमणीला मावशीकडे ठेवून दूरच्या शहरात परक्यांची म्हातारी माणसं सांभाळायला गेलेली. फोन स्पीकरवर होता.

"शहाणी गं माझी! रडत नाहीस ना?"

"नाही," म्हणत चिमणीने ओठ दातांखाली घट्ट धरला.

मावशीची सुई जागच्या जागी थांबली. "हे कोणी शिकवलं गं तुला?"

"आईने. जाताना म्हणाली, रडू आलं की ओठ दाबून धर."

मावशीने फोन ओढून घेतला. "ताई, ऐकलंस? आता तूच सांग तिला, मनसोक्त रड म्हणून!"

पलीकडून एक हुंदका फुटला, आणि तो काही केल्या थांबेना.

चिमणीने फोन हळूच आपल्याकडे घेतला.

"रडू नको ना आई," ती म्हणाली. "ओठ दाबून धर."