काटा चाळीसवर होता

मित्रांनो, मी एका जुन्या ट्रकचा वेग दाखवणारा मीटर आहे, आणि आज मी गोड बोलणार नाही. मला खोटारडा म्हटलंय. पाना मारून माझी काच फोडलीय. आता गप्प कशाला बसू?

कारखान्यातल्या एका बाईने माझा काटा शून्यावर बसवला, तेव्हापासून मला एकच काम ठाऊक आहे. गिअरबॉक्सकडून एक तार येते, ती चाकाचे फेरे सांगते आणि मी त्यांचा वेग करून दाखवतो. वीस वर्षं मी मंगोलियात, दांबाच्या ट्रकवर आहे. आर्खांगाईतून लोकर भरायची आणि उलानबातरला उतरवायची. शेजारच्या जागेवर त्याची बायको खोर्लू. ती खारा चहा ओतायची, बाहीने माझी काच पुसायची. "माझा मीटर म्हणजे देवमाणूस!" असं दांबा चार ड्रायव्हरांत छाती काढून सांगायचा. मीही फुगायचो.

गेल्या वसंतात ट्रक दोनदा चिखलात रुतला. दांबाने खाणीवरून हे थोरले टायर आणले. खोर्लूने रीतीप्रमाणे त्यांच्यावर दूध शिंपडलं. टायर बसवणारा मेकॅनिक चुलून हात पुसत म्हणाला, "दादा, मीटर जुळवून घ्या. एका फेऱ्यात आता जास्त रस्ता कापला जाणार. काटा कमी दाखवेल."

"अरे जा! वीस वर्षं गाडी हाकतोय. वेग माझ्या बुडाला कळतो!"

"बुडाला काटा नसतो, दादा."

दांबा हसला आणि निघाला. मला तोंड असतं तर तिथेच बोंबललो असतो!

आणि इथली माणसं तरी काय! प्रवासात "कधी पोहोचणार?" असं कुणी विचारायचं नाही, विचारलं की विघ्न येतं म्हणे. पूर्वी आम्ही अंधार पडता पडता पोहोचायचो, आता लख्ख उजेडात पोहोचू लागलो. खोर्लूने ते पाहिलं, दोनदा तोंडही उघडलं, पण रीत आठवून गिळून टाकलं.

मग ते घाटातलं वळण आलं. पाटीवर चाळीस, माझा काटा चाळीसवर. खरा वेग सत्तेचाळीस. वर लोकरीचे उंच ढीग, त्यात थोरल्या टायरांनी ट्रक आणखी उंच केलेला. तो कलंडला तो खोर्लूच्या बाजूला. दांबाला खरचटलंसुद्धा नाही. तिचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

ट्रक ओढून आणला त्या दिवशी दांबाने माझ्यावर पाना घातला. दवाखान्यातही येईल त्याला सांगत बसला, "काटा चाळीसवर होता हो! मीटरनेच दगा दिला."

खोर्लूने तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी ती उसळली. "त्याला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलतोस होय रे? चुलून सांगत होता तेव्हा तुझे कान कुठे गहाण पडले होते? आणि मी मूर्ख! कळत होतं, तरी रीत म्हणून गप्प बसले."



घरी येऊन दांबाने चाकावर खडूने खूण केली, चाक एक पूर्ण फेरा पुढे ढकललं, तेवढी जमीन फीत लावून मोजली. चुलूनने हिशेब करून माझी तार जास्त वेगाने फिरावी म्हणून तिच्या मुळाशी कमी दात्यांचं चाक घातलं, नवी काच बसवली. मग किलोमीटरचे दगड आणि हातातलं घड्याळ लावून दोघांनी मला तपासलं. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम! या अर्ध्या दिवसाचा कंटाळा केला म्हणून एका बाईचा पाय मोडला. संताप नाही होणार तर काय होणार?

पहिल्या खेपेला दांबाने पलीकडचं दार उघडून धरलं. "चल ना खोर्लू. मीटर अगदी खरा झालाय आता."

खोर्लू कुबडीवर रेलून उभी होती. "मीटरवरचा माझा विश्वास कधी उडालाच नव्हता," ती म्हणाली आणि दार बाहेरूनच लावून टाकलं.

तेव्हा मित्रांनो, यंत्राचा एक भाग बदललात तर दुसरा त्याला जुळवून घ्या, आणि सांगणाऱ्याला हसण्यावारी नेऊ नका. मला शिव्या घालून काही होत नाही. मी चाळीस दाखवतो तेव्हा आता चाळीसच असतात. तरी त्या वळणावर दांबा तीसवर येतो, आणि एकटाच पुढे जातो.