माझी सवत, शिंकेचं गाणं

आमच्या ह्यांना लोक शिंकेबुवा म्हणतात. ह्यांनी जन्मभर विरहाची गाणी गायली. लोकांनी ती गुपचूप ऐकून घेतली आणि शेवटी ओरडून मागितलं ते एकच, शिंकेचं गाणं. तरुणपणी कुणाच्या तरी भरीला पडून गंमत म्हणून केलेलं. नोकरी मागायला गेलेल्या एका सर्दीवाल्याचं.

कोट घातला मामाचा, छत्री घेतली काकाची,
साहेब म्हणाले, नाव सांगा, मी म्हणालो, आ… आ… आ…

इथे वाद्यं थांबतात. ऐकणारेही श्वास धरतात. मध्येच कुणी शिंकत नाही, तो मान ह्यांचा. हे नाकपुड्या फुगवतात, लोकांना ताटकळत ठेवतात आणि मग एकदाचं "आक्छी!" की हशा नुसता!

मी त्या गाण्याला सवत म्हणायचे. लग्नात म्हणू नका, बँकेच्या रांगेत म्हणू नका, ही बया आमच्या आधी हजर!

मग ह्यांच्या गळ्यातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, "आवाज येईल, पण घोगरा. आणि वापरला नाहीत, तर आहे तोही बसेल. रोज बोला." ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, स्वतःचा आवाज ऐकला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. पाटीवर लिहून दाखवलं, "हा माझा नाही."

मी विनवण्या केल्या, भांडले, शेवटी अबोला धरला. आता जो माणूस मुळात बोलतच नाही, त्याच्याशी अबोला धरून काय उपयोग, सांगा! घरात आवाज उरला तो माझ्या शिवणयंत्राचा. आत कुठेतरी मी पार घाबरून गेले होते. पाटीशी संसार कसा करायचा?

अशात सिंकखालचा पाइप गळायला लागला. प्लंबर आला, चांगला अंगापिंडानं भरलेला, आणि डोकं कपाटात घालून आडवा झाला. हे टेबलाशी मटार सोलत बसले होते. आणि त्या पठ्ठ्यानं आतून सुरू केलं, "कोट घातला मामाचा…"

गप्प बस म्हणून मी हातवारे करते, पण त्याचं डोकं कपाटात, त्याला काय दिसतंय डोंबल! तो आपला आला "आ… आ… आ…" पर्यंत आणि तेवढ्यात त्याचा नट अडकला. जोर लावायच्या नादात तो गाणं विसरूनच गेला.

सगळं शांत. ह्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. हे कपाटाकडे बघतात, माझ्याकडे बघतात, बसल्या जागी चुळबुळ करतात. गाणं अर्धवट सोडलेलं ह्या माणसाला कधी खपलेलं नाही. आणि बघते तर काय, नाकपुड्या फुगताहेत! स्टेजच्या पडद्याआडून वर्षानुवर्षं पाहिलेल्या त्याच नाकपुड्या. मी श्वास रोखून धरला.

"आक्छी!"

गंजलेलं दार करकरावं तसा आवाज. प्लंबरचं डोकं धाडकन वर आपटलं. कपाळ चोळत, हसत तो बाहेर आला.

"काका, काय भारी! रेकॉर्डवाल्यापेक्षा तुमचा आवाज शोभतो. खरी सर्दी वाटते!"

"अरे बाबा, रेकॉर्डवालेच आहेत ते!" मी म्हटलं.

त्यानं घाईघाईनं पाना खाली ठेवला. पँटला हात पुसले आणि ह्यांचे दोन्ही हात धरले. "आमचे वडील अंथरुणाला खिळले होते ना काका, तेव्हा रोज हेच लाव म्हणायचे. खळखळून हसायचे हो. तुमचे फार उपकार आहेत."

ह्यांनी सवयीनं पाटी ओढली. मग पाटी बाजूला सारून, घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "अगं, ह्याला चहा टाक."

चहा कसला टाकते, मी तिथेच हुंदके देऊन रडले. ह्यांच्या सगळ्या गाण्यांना रेशमी गळा लागायचा. तो गेला तशी ती सोडून गेली. ही एकटी सवत थांबली. बाई गं, तुझे पांग कसे फेडू?

आता रोज सकाळी शिवणयंत्राशी बसून मी म्हणते, बेसूर, पण मोठ्यानं, "साहेब म्हणाले, नाव सांगा, मी म्हणालो, आ… आ… आ…"

आणि पाय थांबवून वाट बघते.