दुसरी गोलकीपर

पट्टा मशीनवरच राहिला होता.

शटर अर्धं वर गेलं तेव्हाच तिला तो दिसला. लेकीच्या हॉकीच्या उजव्या पॅडचा मधला पट्टा. काल संध्याकाळी त्याचं तुटलेलं बकल काढून तिने नवं लावलं होतं, मेणाचा दोरा दुहेरी घालून, दाभणाने एकेक टाका ओढून घेत. मग पॅड बॅगेत गेले, बॅग पहाटे बसमध्ये गेली, बस गाव सोडून गेली, आणि पट्टा मात्र इथे पडून राहिला.

"अहो काका," ती शेजारी वळून म्हणाली, "पट्टा राहिला की हो पोरीचा."

शेजारच्या हातभर दुकानात किल्लीवाले काका कानस घासत बसले होते. वय झालेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ मात्र अजून धारदार.

"राहू द्या. एका पट्ट्याने काय आभाळ कोसळतंय?"

"ती गोलात उभी असते. पॅड सरकला आणि चेंडू नडगीवर बसला तर?"

"तर सगळ्यांना कळेल की हंगाम संपला की पोरींना घरी ठेवायचं असतं." काकांनी किल्ली उजेडात धरून पाहिली. "मला सांगा, शाळा बंद, लीग बंद, कप वाटून झाले. आता या सुट्टीतल्या टुर्नामेंटा कसल्या? ही तिसरी ना? भरवणाऱ्यांचं भागतं, दुसरं काय."

"सर म्हणतात, निवडीची माणसं याच स्पर्धांना येतात."

"सर तर म्हणणारच. हलवाई कधी म्हणालाय का, आज नको, पोट बिघडेल?" मग त्यांचा आवाज जरा उतरला. "मागच्या वेळी किती अडवले म्हणाली होती?"

"सात." ती नकळत ताठ झाली. "एक तर आडवी झेप घेऊन."

"सात," काका म्हणाले आणि तेवढ्यावर त्यांची जीभ नमली. "मग जा. कुणी आलं तर सांगतो, बाई मॅचला गेल्यात."

रस्त्यावर सगळे तिला बॅगवाल्या बाई म्हणत. नवऱ्यामागे दुकान तिच्याकडे आलं त्याला नऊ वर्षं झाली होती. चेन बसवायची, चाकं बदलायची, तळ शिवायचा, बंद जोडायचे. बॅग हातात आली की मालक न बघता त्याचं आयुष्य तिला दिसे. हा माणूस डाव्या खांद्याने चालतो. ही बाई घाईत असते, अर्ध्यावरच चेन ओढते. याने बॅग उशाला घेऊन बऱ्याच रात्री काढल्यात. गिऱ्हाइकं चकित होत, म्हणत, बाई, तुम्ही ज्योतिषी व्हायचं. ती हसे. शिवण खोटं बोलत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

पूर्वी दुकानात दोन मशिनी होत्या. खिडकीजवळची दोन वर्षांपूर्वी विकली आणि तिचे पॅड झाले, हेल्मेट झालं, हातमोजे झाले. नवेकोरे पॅड, शुभ्र. आणि दोन वर्षांनी अजूनही शुभ्रच होते. दर दौऱ्यानंतर ती बॅग उपसे, उसवलं-फाटलं बघे, आणि पॅडवरून हात फिरवताना तिचा जीव भरून येई. काकांना बोलावून दाखवे, "बघा, एवढे चेंडू खातात, पण एक डाग नाही. पुसून पुसून ठेवते. वस्तू जपायची माझीच सवय लागलीय तिला." साऱ्या गावाच्या बॅगा वाचणारी ती बाई, घरच्या बॅगेपाशी मात्र तिची अक्षरओळख पार पुसली होती.

दोन बस बदलायच्या होत्या. पट्टा तिने रुमालात गुंडाळून मांडीवर धरला. एरवी सुट्टी म्हणजे लेक दिवसभर दुकानात असायची. स्टुलावर बसून दोऱ्याला मेण लावायची, चेनचे रनर रंगाप्रमाणे वेगळे करायची, आणि आई शिवायची. दोघी मायलेकी, मध्ये मशीनची टकटक. ते दिवस आता स्पर्धांनी एकेक करून उचलून नेले होते. फीचं तिला एवढं नव्हतं. चार जास्तीचे तळ शिवले की फी निघे. गेलेले दिवस कुठून शिवून आणणार? बस घाटातून वळली आणि तिच्या ओठांवर आपोआप दोन ओळी आल्या, कामाच्या तालात अशा तिला सुचायच्या:

सुई गं पुढं पुढं, दोरा गं मागं मागं
लेक माझी दूरगावी, जीव माझा जागं जागं

शेजारच्या प्रवाशाने मान वळवून पाहिलं. ती गप्प झाली.

मैदानात पोहोचली तेव्हा खेळ सुरू झाला होता. हिरवंगार कृत्रिम गवत, त्यावर पाण्याचे फवारे मारलेले, डोळे दिपवणारं ऊन. लेकीचा खेळ तिने कधीच पाहिला नव्हता. सामने असत तेव्हा दुकान असे. ती पायऱ्यांवर बसली आणि पदर डोक्यावर घेऊन गोलकडे पाहिलं, आणि तिथेच खिळली.

गोलात ती उभी होती. हेल्मेटच्या जाळीआड चेहरा दिसत नव्हता. पॅडमुळे एवढीशी पोर केवढी आडवी-उभी दिसत होती. उजव्या पॅडचे सगळे पट्टे जागच्या जागी होते. मागून घेतला असेल कुणाचा तरी, आईच्या मनात आलं, चलाख आहे. समोरून एक पोरगी चेंडू घेऊन सुसाट आली, काठी फिरली, आणि गोलातलीने पाय असा काही फेकला की चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा बाहेर गेला. आईच्या हातातून रुमाल पडला. दुसरा चेंडू हातमोज्याने वरच्यावर उडवला. तिसऱ्याला ती सबंध आडवी झाली. आईला वाटलं, काकांना इथे आणून बसवायला हवं होतं. निदान हा पाय, हा एक पाय तरी त्यांनी बघायला हवा होता.

ती एकटीच टाळ्या वाजवत होती. शेजारी छत्री उघडून बसलेली एक बाई कौतुकाने हसली.

"तुमची कोण यात?"

"ती काय. गोलातली." तिने बोट दाखवलं.

छत्रीवालीने छत्री कलती केली. "गोलातली? ती माझी आहे हो."

"नाही, ती... गोलकीपर म्हणतेय मी."

"हो ना. तीच." बाईचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणाच आईला जास्त लागला. "तुमची दुसरी गोलकीपर असेल. बघा, ती निघालीय बघा बाटल्या घेऊन."

शिट्टी झाली होती. गोलातलीने हेल्मेट काढलं. घामाने थबथबलेला, गोरा, लांबट, अनोळखी चेहरा. आणि बाकावरून एक पोर दोन्ही हातांत चार-चार बाटल्या अडकवून धावत निघाली, ट्रॅकसूट घातलेली, वेणी पाठीवर उडत असलेली. ती धाव आईने हजारांत ओळखली असती.

"फार गुणी हो तुमची," छत्रीवाली म्हणत होती. "माझ्या लेकीचे पॅड तीच बांधते. इतरांनी बांधले तर चालत नाहीत माझ्या पोरीला."

आईने वाकून रुमाल उचलला. झटकला. पुन्हा घडी घातली.

लेकीने वर पाहिलं ते बाटल्या परत नेताना. पाय जागीच थबकले. मग सरांना काहीतरी सांगून ती पायऱ्यांमागच्या नळाकडे गेली. आईही उठून तिकडे गेली.

"तू कशाला आलीस?"

"पट्टा राहिला होता."

"अगं, कळवायचंस तरी." लेकीने पट्टा घेतला, बकल उघडून बंद करून पाहिलं. "छान बसलंय." मग पट्टा खिशात टाकला. "आज सरांनी मला जरा विश्रांती दिलीय."

"आज?"

नळाखालच्या सिमेंटवर पाणी साचलं होतं. लेक बुटाच्या टोकाने ते इकडून तिकडे करत राहिली.

"एकदा खेळले होते," ती शेवटी म्हणाली. "सात मिनिटं. तेव्हा चेंडू आमच्याकडे आलाच नाही."

"आणि ते सात अडवले म्हणालीस ते?"

"ते तिचे. पण मी अगदी जवळून बघितलेले असतात, आई. खोटं म्हणजे... माणूस फक्त बदललेला."

आईला हसू येऊ पाहत होतं आणि रडूही. दोन्ही अर्ध्यावर थांबलं. "मग कशाला गं यायचं? भर उन्हात, एवढ्या लांब, दुसऱ्याचे पट्टे बांधायला? त्यापेक्षा आपण दुकानात बसत होतो ते काय वाईट होतं? किती बोलायचो आपण."

लेकीने मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, नवल होतं. "आपण कुठे बोलायचो? तुझ्या तोंडात टाचण्या असतात."

पलीकडे पुन्हा शिट्टी झाली. खेळ सुरू झाला असावा.

"इथे आम्ही एका खोलीत आठ जणी झोपतो," लेक हळूच म्हणाली, गुन्हा कबूल करावा तशी. "सारखं कुणीतरी बोलत असतं. एक तर झोपेतही बोलते. कुणी विचारतं, माझा मोजा कुठेय. कुणी म्हणतं, सरक ना. घरी कुणी सरक म्हणायलाही नसतं, आई."

आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "जा," ती म्हणाली. "हाक मारतील तुला."

सर रेषेबाहेर उभे होते, डोळे खेळावर. आईने सरळ विचारलं, "तिला कधी खेळवणार?"

सरांनी टोपी काढली. माणूस वाईट नव्हता. "पहिलीला दुखापत झाली तर."

"आणि नाही झाली तर?"

"तर नाही." ते म्हणाले, "तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. उंची कमी पडते. संघाला दुसरी गोलकीपर लागतेच, म्हणून मी तिला नेतो. पण या सुट्टीतल्या स्पर्धांनी तिच्या खेळात फरक पडेल असं मला वाटत नाही. पुढच्या आठवड्यात आणखी एक आहे. तिचं नाव नाही आलं तर मी दुसरीकडून मुलगी बघेन. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

"फॉर्म आहे?"

त्यांनी फायलीतून काढून दिला. ती पायरीवर बसली, गुडघ्यावर फाईल घेतली. लेकीचं नाव घातलं. वय, रक्तगट, फोन नंबर. खाली एक रकाना होता, सोबत पालक येणार का. पेन तिथे जरा अडलं. तिच्या डोळ्यांसमोर आठ गाद्या आल्या, एकीला एक लागून घातलेल्या, आणि दारात उभी असलेली आई, जिला पाहून साऱ्या पोरी एकदम गप्प झाल्यात. तिने 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी दुकानाशी आली तर काका शटर ओढायच्या बेतात होते.

"काय मग? किती?"

"बाकावर होती." तिने कुलूप काढलं. "ती दुसरी गोलकीपर आहे. खेळवत नाहीत तिला. ते सात दुसरीचे होते."

काका काही वेळ किल्ल्यांचा जुडगा हातात घोळवत राहिले. "म्हणजे दोन वर्षं... बाई, मशीन विकलीत तुम्ही."

"हो."

"मग आता बंद करा हे. पोरीला घरी बसवा."

"पुढच्या आठवड्यातल्या स्पर्धेचा फॉर्म भरून आलेय."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. टोमणा ओठांवर आलेला त्यांनी गिळला असावा. "चाकं बदलायचं काम आलंय एका सुटकेसचं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक परवा येणार आहे." आणि आपल्या दुकानाकडे वळले.

पुढच्या आठवड्यात लेक गेली. दौऱ्यावरून फोन करायची तिची रीत नव्हती. आईला वाटे, वेळ मिळत नसेल. आता कळत होतं की फोन केला तर काहीतरी रचून सांगावं लागलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अनोळखी नंबर वाजला तेव्हा तिने गिऱ्हाईक समजून उचलला.

"आई, मी. मैत्रिणीचा फोन आहे."

"बरी आहेस ना?"

"हो. आज हरलो. मी बाकावरच होते." अगदी सहज म्हणाली, पाऊस नव्हता म्हणावं तसं. "खिडकीजवळची गादी मिळालीय. आणि ती झोपेत बोलणारी आहे ना, काल रात्री ती पंचांशी भांडली. उठून बसून. आम्ही हसून हसून... थांब हं, एक मिनिट."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. एक मिनिट झालं, दोन झाली. पलीकडे कुणीतरी म्हणालं, सरक ना गं. कुणाचा तरी टॉवेल हरवला होता, तो कुणाच्या तरी डोक्यावर सापडला. हसण्याची एक लाट आली, आणि त्या लाटेत एक हसू आईने वेगळं करून ऐकलं, रंगाप्रमाणे रनर वेगळा करावा तसं. ते हसू तिच्या घरात तिने फार दिवसांत ऐकलं नव्हतं. लेक फोन विसरून गेली होती.

आईने फोन कानापासून काढला, आवाज मोठा केला आणि टेबलावर उभा करून ठेवला. खोली भरून गेली. कुकर लावायचा होता, डाळ-तांदूळ धुऊन तयार होते. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. शिट्टी झाली तर तिकडे ऐकू गेली असती, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं असतं की फोन अजून चालूच आहे.

ती खुर्ची सावकाश, आवाज न करता ओढून टेबलाशी बसली.