सगळ्यात भरवशाचं जॅकेट

मी एक लाइफ जॅकेट बोलतोय. डॉल्फिन आणि देवमासे दाखवायला नेणाऱ्या बोटीवर माझा मुक्काम. माणसाला पाण्यावर तरंगत ठेवणं एवढंच माझं काम, आणि आता तेच मला जमणार नाही. माझ्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नाही.

नवा होतो तेव्हा मी चांगला गुबगुबीत होतो. पण कप्तानाची खुर्ची कडक आणि कंबर नाजूक. पहिल्याच आठवड्यात त्याने मला बुडाखाली घेतलं, ते कायमचं. आयती गादी मिळाली की माणसं तिचा मूळ धंदा विसरतात! वर्षानुवर्षं दबून माझ्या आतला फोम चपटा झाला. उन्हाशी गाठच न पडल्याने केशरी रंग मात्र अजून कोरा करकरीत आहे.

आज सकाळी निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. खोल पाण्यात गेल्यावर वारा फिरला, लाटा उसळू लागल्या. कप्तान बोट वळवणार, तोच माइकवरून प्रवाशांना माहिती सांगणारी त्याची बहीण ओरडली, "डावीकडे बघा, देवमासा!"

झालं! मोबाइल सरसावून सगळेच डावीकडे धावले आणि बोट कलली.

"अहो, बसा खाली! मासा बघायचाय की माशाला भेटायला जायचंय?" कप्तान गरजला.

त्या रेटारेटीत एका मावशींच्या जॅकेटचा पट्टा तुटला. कप्तानाने मला झटकन ओढून काढलं.

"हे घ्या मावशी, माझं घाला."

"आणि तुम्हाला हो?"

"मला पोहता येतं."

किती मोठ्या मनाने दिलं त्याने! आणि मी भीतीने गारठलो. मावशींचं काळीज माझ्याखाली धडधडत होतं. लाट आली की त्या मला घट्ट कवटाळायच्या, "सांभाळ रे बाबा" म्हणायच्या. मला नका धरू, कठड्याला धरा, असं मला ओरडून सांगायचं होतं.

कशीबशी बोट धक्क्याला लागली. मावशी मला थोपटून म्हणाल्या, "याच्यामुळेच धीर आला."

कप्तान खूश झाला. "हे आपलं सगळ्यात भरवशाचं जॅकेट," असं बहिणीला सांगत त्याने मला प्रवाशांच्या जॅकेटांच्या रांगेत टांगलं, अगदी दाराजवळच्या पहिल्या खुंटीवर.

उद्या पुन्हा फेरी आहे आणि आभाळाचं काही सांगता येत नाही. तुम्ही आलात तर माझ्या रंगाला भुलू नका. मला बोटाने दाबून बघा. खळगा तसाच राहिला, तर मला कप्तानाच्या हातात द्या, त्यालाही दाबून बघायला लावा. आणि तुम्ही शेजारचं ते मळकं जॅकेट घाला.